पाप झालं, साखर वाटली

सोलापुरात असताना मी आठवड्याभराच्या एका मुलीला पाप म्हटलं, ती बातमी चार जणींच्या कानांवर घातली, आणि मग त्या पापाचा बाप कोण हे विचारायला भर दुपारी छत्री उघडून तिच्या घरी गेले. आधीच कबूल केलेलं बरं. माझी नातवंडं मला फार शहाणी समजतात आणि अडलं की ‘आजीला विचारा’ म्हणतात. त्यांनी हे वाचावं आणि मग ठरवावं.

तेलुगूत लहानग्या मुलीला ‘पाप’ म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. मला मराठी येत होतं, आणि एका माणसाला आयुष्यभर तेवढं पुरतं अशी माझी तेव्हा खात्री होती.

तेव्हा म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. मी बावीस-तेवीस वर्षांची, कृष्णाकाठच्या गावात वाढलेली, नुकतीच लग्न होऊन सोलापुरात आलेली. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना ‘न’ आणि ‘ण’ स्पष्ट बोलण्याबद्दल मला स्टीलची एक वाटी बक्षीस मिळाली होती. ती वाटी माझ्या डोक्यात गेली होती. सासर करकंबचं. लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी सासूबाईंना समजावलं, की ‘न्हाय’ असं म्हणू नये, ‘नाही’ म्हणावं. त्या बिचाऱ्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “बरं बाई, आता न्हाय म्हननार न्हाय.” माझे यजमान ताटावर बसून हसत होते. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. यावरून ही बाई काय चीज होती ते ओळखा.

पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत मला चौथीचा वर्ग मिळाला. शाळेच्या दोन्ही बाजूंना विणकरांची घरं. दिवसभर मागांची खटखट चाले, आणि वीज गेली की यंत्रमाग बंद पडून एकदम इतकं शांत होई की माझा आवाज मलाच मोठा वाटे. वर्गातली बहुतेक मुलं विणकरांची. घरी तेलुगू बोलणारी. काही कानडी, काही उर्दू. सगळी चिमण्यांसारखी बडबडी. एकाच वाक्यात तीन भाषा कालवून बोलत, आणि एकमेकांना ते सगळं समजे. मला ते ऐकून अंगावर काटा येई. भाताच्या पातेल्यात कुणी चिखलाचा हात घातल्यासारखं वाटे.

मी नियम केला. वर्गात मराठीच बोलायचं. दुसरी भाषा तोंडातून आली, तर तास संपेपर्यंत तोंडावर बोट ठेवून उभं राहायचं. महिन्याभरात वर्ग गप्प झाला. चिमण्या उडून गेल्या. माझा वर्ग साऱ्या शाळेत शिस्तीचा म्हणून नावाजला जाऊ लागला, हेडबाईंनी इतरांना तो दाखवायला आणलं. मुलं गप्प का झाली, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, सुधारली.

त्या वर्गात एक मुलगी होती. गणितात सगळ्यांच्या पुढे, आणि बोलण्यात कुठेच नाही. नियम केल्यापासून तिनं तोंडच उघडलं नव्हतं. ती चार दिवस शाळेत आली नाही. शनिवारी सकाळी आली, आणि चेहरा असा फुललेला की पाटीवर उजेड पडावा.

“चार दिवस कुठे होतीस?” मी विचारलं.

ती उभी राहिली. ओठ हलले, थांबले. ओठांवर आलेलं काहीतरी तिनं परत गिळलं, हे मला स्वच्छ दिसलं. मला बरंच वाटलं. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तशी ती बोलली.

“बाई, आमच्या घरात पाप झालं.”

“काय झालं?”

“पाप, बाई. अक्काला झालं.” आणि मग ती जी हसली! “लई छान हाय.”

माझ्या हातातला खडू खाली पडला. हे अलंकारानं म्हणत नाही, खरंच पडला, त्याचे दोन तुकडे झाले. आणि मी सावरायच्या आत वर्गात कधी नव्हे ते हात वर व्हायला लागले.

“बाई, आमच्यात पण हाय पाप!”

“बाई, आमच्यात दोन हायत!”

“आमचं पाप आता चालतंय, बाई. भिंत धरून.”

मागच्या बाकावरचा एकजण हिरमुसून उभा राहिला. “आमच्यात पाप न्हाय झालं बाई. बाबू झाला.” बाबू म्हणजे लहानगा मुलगा, हेही मला ठाऊक नव्हतं; त्यांच्याकडे कुणी कारकून वगैरे आला असावा असं समजून मी त्याला खाली बसवलं.

मी हादरले होते. ही कसली वस्ती, हे कसले संस्कार, इथं लेकरंसुद्धा पापाची मोजदाद करतात आणि वर ते छान आहे म्हणतात! पण बाई पडल्या कर्तव्यदक्ष. धडा बाजूला ठेवला, विरुद्धार्थी शब्द घ्यायचे ठरवले, आणि फळ्यावर ठळक अक्षरांत पहिलीच जोडी लिहिली: पाप, पुण्य. वर्ग आनंदानं खदखदला. बाईंनी आपल्या घरचा शब्द फळ्यावर लिहिला म्हणून ती पोरं खूश झाली होती, हे मला कळायला अजून दोन दिवस जायचे होते. मी मात्र ‘पाप करू नये’ यावर बोलले. बरंच बोलले.

मधल्या सुट्टीत मी पुरावे जमवायला बसले. त्या मुलीची अक्का, म्हणजे थोरली बहीण, मी पाहिली होती. अठरा-एकोणीस वर्षांची, गोरीपान, दीडदोन महिन्यांपासून धाकटीला शाळेत सोडायला येई. गळ्यात काळी पोत नव्हती. पदराआड एक पिवळा दोरा तेवढा दिसे, तो मी ताईताचा धरला. अंगानं जड वाटली होती, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता. आता केला. काळे मणी नाहीत, राहते आईकडे, आणि घरात पाप झालेलं. माझं गणित सुटलं.

तरी खात्री करावी म्हणून शाळेतल्या शिपाई मावशींना गाठलं. त्या अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. त्या वस्तीतल्या प्रत्येक चुलीची त्यांना खबर असे.

“मावशी, चौथीतल्या त्या मुलीची थोरली बहीण... तिचं काही कळलं का हो तुम्हाला?”

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली, जिभेनं च् च् केलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, “पाप! पाप!”

झालं. यापुढे साक्ष ती कसली काढायची? कानडीत कुणाची कीव आली की ‘पाप’ म्हणतात, ‘बिचारी’ म्हणतो तसं. ती पोर दोन दिवस अडली होती, दिवस भरायच्या आधी बाळंत झाली होती, म्हणून मावशी हळहळत होत्या. एका शब्दात एका भाषेनं मला लेक सांगितली, दुसरीनं दया सांगितली, आणि मी तिसरीतलं तेवढं ऐकलं.

शिक्षिकांच्या खोलीत मी हे हेडबाईंना सांगितलं. तिथं आणखी तिघी डबे उघडून बसल्या होत्या. मी आवाज खाली आणून ‘कुणाला सांगू नका हं’ असं म्हटलं, म्हणजे सांगायची रीतसर सोय करून दिली. “अगंबाई!” त्या चौघी म्हणाल्या. एकीनं लोणच्याची फोड तोंडाशी नेता नेता तशीच धरून ठेवली. ती फोड पाहून मला फार महत्त्वाचं वाटलं.

रविवारी मी यजमानांना सांगितलं, की मी त्या घरी जाऊन समजावणार आहे. ते म्हणाले, “तू शाळेत शिकवतेस की फौजदार आहेस?” मी ऐकलं नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या मागे मागे तिच्या घरी गेले. ती वाटभर उड्या मारत पुढे चालली होती, मागे वळून पाहत होती, मी येतेय ना म्हणून. बाई आपल्या घरी येतात याचा तिला कोण आनंद झाला होता! मला वाटलं, लहान आहे, तिला काय कळतंय.

दार बुटकं. आत पुढच्या खोलीत हातमाग, त्यावर अर्धी विणलेली चादर. कोपऱ्यात साडीची झोळी बांधलेली. झोळीला हलके झोके देत अक्का बसली होती, डोक्याला आणि कानांना फडकं गुंडाळून. मुलीची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मागाच्या कडेला एक तरुण खाली मान घालून बसला होता, केसांत सुताची फुलं अडकलेली. आणि उंबऱ्याला लागून, पाय दुमडून, एक उंच हाडाची बाई बसली होती. तिच्यापुढे पाण्याचा पेला भरलेला तसाच होता, तिनं त्याला हात लावला नव्हता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बघा, मी मनाशी म्हटलं, घरावर कशी अवकळा आली आहे.

मला पाहून आई गडबडीनं उठली. “या की बाई, या की.” मराठी तिला बेताचंच येत होतं. तिनं मला पाट दिला. अक्का माझ्याकडे बघून हसली.

मी पाटावर बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि जितकं हळू विचारता येईल तितकं हळू विचारलं.

“पापाचा बाप कोण?”

आईचा चेहरा एकदम उजळला. त्या घरात त्या दुपारी कुणीतरी एक सरळ प्रश्न विचारला होता. “ह्योच की!” ती म्हणाली आणि मागाकडे बोट केलं. तो तरुण उभा राहिला, लाजला आणि मला हात जोडून नमस्कार केला.

मी मांडीवरची छत्री घट्ट धरली. पापाचा बाप सासुरवाडीला आल्यासारखा नमस्कार करतोय, आणि मुलीची आई त्याला कौतुकानं दाखवतेय!

“हा... हा कोण?”

“माजा जावई.”

“जावई? म्हणजे लग्न झालंय यांचं?”

“आठ म्हैने झालं की.” माझा विश्वास बसत नाही असं तिला वाटलं असावं. तिनं अक्काच्या पदराआडचा तो पिवळा दोरा बाहेर काढून मला दाखवला. त्यात सोन्याच्या दोन बारक्या चकत्या ओवलेल्या होत्या. त्यांचं मंगळसूत्र.

“मग पाप?” माझा आवाज चिरकला. “पाप कसलं?”

“कसलं म्हंजे?” आईनं झोळीत हात घातला, एक गाठोडं उचललं आणि माझ्या मांडीवर, छत्रीच्या बाजूला ठेवलं. “ही काय. पाप.”

गाठोड्यातून लालबुंद मूठ वर आली आणि तिनं माझं बोट पकडलं.

माझी विद्यार्थिनी माझ्या खांद्याशी येऊन उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं की काहीतरी चुकलंय, आणि चुकलं म्हणजे आपलंच. ती घाईघाईनं म्हणाली, “बाई, पाप म्हंजे बारकी. मुलगी. बारकी मुलगी. मला मराठीतलं नाव येत नव्हतं. आणि आपल्यातलं बोलायचं न्हाय म्हणलाव ना तुमी.”

मी पाटावर होते म्हणून, नाहीतर बसकण मारली असती. शनिवारपासूनचं सगळं, ते वर झालेले हात, ती भिंत धरून चालणारी पापं, सगळं एकामागून एक माझ्या अंगावर यायला लागलं. तेवढ्यात उंबऱ्यापासची ती उंच बाई पहिल्यांदा बोलली. आवाज शांत आणि मराठी माझ्यापेक्षा खणखणीत.

“म्हंजे ती शाळंतली बाई तुमीच व्हय?”

ती अक्काची सासू होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात मराठी बायांच्या शेजारी तिनं वीस वर्षं उभ्यानं काढली होती. नात झाली म्हणून तिनं गल्लीत साखर वाटली होती. आणि रविवारी सकाळी नळावर तिच्या शेजारणीनं तिला विचारलं होतं, “काय हो, तुमच्या सुनेच्या माहेरी पाप झालं म्हणे?”

“मी म्हनलं, व्हय, झालं की. साखर वाटली न्हवं का,” ती सांगू लागली. “तर ती हंडा सोडून मागं सरली. म्हनली, पाप झालं आन् साखर वाटली? म्या म्हनलं, मग काय रडू? पयलं पाप हाय घरातलं. मग बाकीच्या बाया हसाय लागल्या. मग मला कळलं, ह्या मराठीत बोलायल्यात.”

हे ऐकून आजही मला हसू येतं. तेव्हा त्या खोलीत कुणी हसलं नाही.

“एकीनं म्हैने मोजले,” सासू म्हणाली. “म्हनली, लग्नाला आठच म्हैने, आन् पोर झाली की. म्हंजे लग्नाच्या आदीच... मोजू द्या. माझी सून कशी हाय ते मला ठाव हाय. पर माझ्या घरात दोन पोरी लग्नाच्या हायत, बाई. नळावरच्या तोंडाला मी काय फडकं बांधू? म्हनून सांगाय आले यांना. गोष्ट मिटंस्तवर सून हितंच राहू द्या.”

“पण चूक माझी आहे,” मी म्हणाले. “तिचा काय संबंध?”

“त्येच तर.”

अक्का अजून माझ्याकडे बघून हसत होती. मला त्या हसण्याचा अर्थ जरा उशिरानंच लागला. तिला मराठी येतच नव्हतं. लहानपण तेलंगणात आजीकडे गेलेलं, लग्नाच्या आधी दोन वर्षं इकडे आलेली. ज्या भाषेत तिची बदनामी झाली ती भाषा तिला कळत नव्हती. सासू रुसली आहे एवढंच तिनं ओळखलं होतं, आणि मुलगी झाली म्हणून रुसली असेल असं धरून चालली होती. मी तिच्या लेखी बाळ बघायला आलेली धाकटीची बाई होते.

सासू तिच्याकडे वळली आणि तेलुगूत बोलली. दोनच वाक्यं असतील. मला एकही शब्द कळला नाही, पण त्याची गरज नव्हती. अक्काचं हसू मी विझताना पाहिलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्या मांडीवरच्या लेकीकडे. ती उठली, अशक्त होती तरी भिंत धरून आली, माझ्या मांडीवरून तिनं मूल उचललं आणि परत जाऊन पाठमोरी बसली. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी सासूच्या पायांशी जाऊन बसले. “मी काय करू सांगा.”

“सूत तुटलं की ज्याच्या हातनं तुटलं त्यानंच जोडायचं, आमच्यात असंच हाय,” ती म्हणाली. “नळावर या. पानी सकाळी सहाला येतं. सगळ्या बाया असत्यात. त्यांच्याम्होरं सांगा. मराठीत पन सांगा आन् आमच्यात पन सांगा.”

“मला तेलुगू येत नाही.”

“मग शिका की. बाई हाव न्हवं तुमी?”

मंगळवारी मी आधी त्या चौघींना गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. पाप ऐकायला चौघींनी डबे सोडले होते. खुलासा ऐकायला दोघींना तास होता. हेडबाई म्हणाल्या, “अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका.” मी लावून घेतलं नसतं तर त्यांना सोयीचं गेलं असतं, कारण त्यांनीही ते आणखी दोघींना सांगितलं होतं.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतलं. तिला वाटलं, आता आपल्याला शिक्षा. ती सवयीनं तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. ते पाहून माझं जे व्हायचं ते झालं. मी तिचं बोट खाली घेतलं, तिच्या हातात खडू दिला आणि पाटी घेऊन तिच्या बाकावर बसले.

“मला सांग, ‘ती मुलगी चांगली आहे, चूक माझी आहे’ हे तुमच्यात कसं म्हणायचं?”

तिचा आधी विश्वासच बसेना. तिनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “आ पिल्ल मंचिदि. तप्पु नादि.”

मी पाटीवर लिहिलं. तिनं वाकून पाहिलं आणि तोंडाला हात लावला.

“बाई, ‘ल्ल’ला वेलांटी न्हाय.”

“नाही कशी? पिल्ली.”

“न्हाय बाई. वेलांटी दिली की मांजर होतं.”

पिल्ल म्हणजे मुलगी, पिल्लि म्हणजे मांजर. चार महिने त्या पोरीच्या वहीत मी तांबड्या शाईनं वेलांट्यांवर गोल काढले होते. आता तिनं बोट ओलं करून माझी वेलांटी पुसली आणि माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. तिच्या तोंडाला जी धार लागली! कधी माझा ‘मंचिदि’ चुके, कधी ‘नादि’. ती खिदळे, ओरडे, “अस्सं न्हाय, बाई!” म्हणून कपाळाला हात लावे. चार महिने माझ्यासमोर जी मुलगी बसत होती ती ही नव्हतीच. मी तिला ओळखत नव्हते. माझ्या वर्गात अशा किती जणांना मी ओळखत नाही, हा विचार मनात आला आणि मी परत पाटीकडे पाहिलं, कारण तिच्याकडे पाहवेना.

बुधवारी पहाटेच उठले. यजमान म्हणाले, “सोबत येऊ?” मी म्हटलं, नको, तुम्ही हसाल.

सासूच्या गल्लीतला नळ कोपऱ्यावर होता. दुष्काळ सरला होता तरी पाण्याची ओढ सरली नव्हती. हंडे, घागरी, बादल्या, डबे यांची वळणं घेत गेलेली रांग. मराठी बाया, तेलुगू बाया, दोघीतिघी कानडी. भांडण तिन्ही भाषांत चाललेलं. अक्काची सासू रांगेत मधे उभी होती. तिनं मला पाहिलं, ओळख दाखवली नाही, हंडा तेवढा पुढे सरकवला.

मी नळाच्या ओट्यावर चढले. आधी मराठीत बोलले. त्या घरात एक मुलगी जन्मली, तेलुगूत तिला पाप म्हणतात, मला ते माहीत नव्हतं, आणि मी नको ते समजून नको तिथं बोलले, असं सगळं सांगितलं. मराठी बायांमध्ये कुजबुज झाली. जिनं महिने मोजले होते ती कोण ते मला लगेच कळलं, ती आपल्या घागरीत वाकून पाहायला लागली.

मग तेलुगू. दहा वेळा घोकलेलं सगळं मी मनात पुन्हा एकदा म्हटलं, छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले,

“आ पिल्लि मंचिदि! तप्पु नादि!”

ते मांजर चांगलं आहे. चूक माझी आहे.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, “कुनाचं मांजर, बाई? दूध प्यालं का काय?” आणि जी हसण्याची लाट उठली! रांग मोडली. एकीच्या डोक्यावरची घागर दुसरीनं धरली म्हणून वाचली. तेलुगू बाया हसत हसत मराठी बायांना समजावून सांगायला लागल्या, की पिल्ल म्हणजे काय आणि पिल्लि म्हणजे काय, आणि पाप म्हणजे काय, आणि या बाईनं पहिल्यांदा काय घोटाळा केला असेल. मला आणखी एक अक्षर बोलावं लागलं नाही. महिने मोजणारीसुद्धा डोळे पुसत होती. एका वेलांटीनं एवढं काम केलं, जे माझ्या शुद्ध मराठी भाषणानं केलं नसतं. मी मात्र ओट्यावर घामानं भिजून उभी, आपण काय बोललो ते मला अजून कळलेलं नव्हतं. माझी चांगलीच खोड मोडली एवढं कळत होतं.

अक्काची सासू हसत नव्हती. तिचा हंडा भरला. तिनं तो उचलून कमरेवर घेतला, माझ्याजवळ आली, आणि मला धास्ती वाटली, की आता ही म्हणणार, तुमी आनखी वाटोळं केलं. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“सुनेला आजच आनते मी,” ती म्हणाली. “पाप बघाय या की बाई कवा पन. तुमचं मराठी लई चांगलं हाय, फकस्त आमच्या घरात येताना जरा कमी घिऊन या.”